रेघ नसलेलं पान

"वहिनी, यात नुसती घरघर आहे गं," हेडफोन मानेवर उतरवत नणंद म्हणाली. "काय टाइप करू, घरघर?"

"ऑफिसात वहिनी म्हणू नकोस. आणि आवाज वाढवून बघ."

"वाढवला. घरघर मोठी झाली."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. वहिनीला मात्र हसू येईना. डॉक्टरांनी बोलून पाठवलेले अहवाल ऐकून टाइप करायचं हे ऑफिस, आणि टाइप झालेली पानं तपासायचं काम तिचं. ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी टायपिस्ट रेघ मारायची, आणि वहिनी ती रेघ चुकांमध्ये धरायची. नणंदेच्या पानांवर तर रेघांचं पीकच.

आज संध्याकाळपर्यंत कामाचा दर्जा काय असावा ते ठरवून मालकांना कळवायचं होतं. त्यात जी बसणार नाही, तिला घरी बसावं लागणार होतं. नणंद घरी बसली की सासूबाईंचं तोंड कुणाच्या दिशेने सुटेल, हे काही सांगायला नको.

म्हणून तिने कुणाला नाव ठेवायला जागा उरू नये अशी परीक्षा घेतली. सगळ्यात अवघड आवाज निवडला, गुळणी डॉक्टरांचा. तोंडात पाणी धरल्यासारखे बोलायचे ते. सकाळी आलेली त्यांची फाइल आणि सोबतची दवाखान्याची नावनोंदणीची चिठ्ठी (पेशंटचं नाव, वय, तक्रार छातीत धडधड) तिने नणंदेला दिली, आणि तीच ताईंनाही.

ताई म्हणजे ऑफिसचा कान. केस याच खुर्चीत पिकलेले. त्यांच्या पानावर रेघ कधी कुणी पाहिली नव्हती. ऐकताना डोळे मिटायच्या, बोटं आपली चालूच.

दुपारच्या चहाआधी ताईंनी पान आणून ठेवलं. 'नाडी नियमित. हृदयाचे ठोके स्वच्छ. सूज नाही. काळजीचं कारण नाही, नेहमीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.' एकही रेघ नाही.

नणंदेच्या पानावर नाव, वय, तक्रार, आणि खाली एक लांबलचक रेघ.

न राहवून वहिनीने स्वतः हेडफोन चढवले. घरघर. मध्येच काहीतरी खुळखुळलं. पुन्हा घरघर. दोन्ही कान दाबून ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, पण एक अक्षर हाती लागेना. तिच्या अंगावर काटा आला. या गोंगाटातून त्या बाईने एका माणसाचं अख्खं हृदय ऐकलं होतं!

"ताई, कसं हो जमतं?" तिचा आवाज आपोआप खाली आला, देवघरात येतो तसा.

"अंगवळणी पडतं," ताई चष्मा पुसत म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणणार, ते मला आधीच कळतं बघा."

"मला शिकवाल?"

"शिकवण्यासारखं काय आहे त्यात? रेघ मारायची नाही, एवढंच."

नणंद जवळ येऊन उभी होती. "तुला तरी आलं का गं ऐकू?"

"मला नाही. पण त्यांना आलं ना."

"मग त्यांचे कान आम्ही सगळ्यांनी कुठून आणायचे?"

"आजारी माणसाचा मामला आहे. तिथे नातं बघून नाही चालत."

"न ऐकलेलं लिहायला हात धजत नाही गं माझा," एवढंच बोलून नणंद जागेवर गेली आणि पाण्याची बाटली, स्वेटर पिशवीत भरू लागली.

वहिनीने त्या पिशवीकडे बघायचं टाळलं. कागदावर तिने एकच ओळ टाइप केली: 'यापुढे पानावर एकही रेघ चालणार नाही.' टाचणी घेऊन ती फळ्याकडे निघाली, तेवढ्यात फोन वाजला.

गुळणी डॉक्टर होते. आज मात्र त्यांचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला.

"अहो, सकाळची फाइल टाकून द्या. गाडीत माझ्या खिशातच रेकॉर्डर चालू राहिला, किल्ल्यांशेजारी. चिठ्ठीतला तो पेशंट तर आत्ता येऊन बसलाय. तपासलं, की पाठवतो."