सासऱ्यांच्या नावाचं शिखर

अंटार्क्टिकातल्या आमच्या नॉर्वेजियन तुकडीत रिवाज असा, की डोंगर ज्याला आधी दिसला, त्याने नाव ठेवायचं. आयविंदने रांगेतलं सगळ्यात उंच शिखर हेरलं आणि त्याला होणाऱ्या सासऱ्यांचं नाव देऊन टाकलं: गुडमुंड शिखर. बिनतारी यंत्रावरून बातमी घरी गेली. मुलगी द्यायला वर्षभर कां-कूं करणाऱ्या म्हाताऱ्याचा लगेच उलट निरोप आला, "लग्नाला होकार. शिखराचं गावभर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, हवा स्वच्छ झाली. बाकीची रांग जागच्या जागी होती, गुडमुंड शिखर तेवढं गायब. बर्फावरच्या गार हवेने दाखवलेलं मृगजळ होतं ते!

आयविंद रडकुंडीला आला. "खरं कळवलं तर लग्न मोडेल रे, तोर्स्टेन!"

तोर्स्टेन आमचा आचारी, आणि त्याच म्हाताऱ्याचा थोरला जावई. कॉफी ओतत म्हणाला, "मग कळवतोस कशाला?"

"आणि सासरे शिखर बघायला आले तर?"

"येऊ देत की. माझ्या लग्नात त्यांनी मला एक बोट कबूल केली होती. माझी मुलं शाळेत जायला लागली, बोट अजून यायचीच आहे. तिच्यातच बसून येतील, साडूभाऊ!"