एकसारखी चूक

नववीच्या सहामाही परीक्षेत एका बाकावरच्या दोघींची शंकूच्या गणितात एकच चूक झाली होती. तिरकस उंचीच्या जागी दोघींनी सरळ उंची घेतली होती. बाकी सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर होतं.

"बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं गं, चूक सारखी येत नाही," मी वर्गासमोर म्हटलं. "कोणी कोणाचं बघितलं?"

"आईशप्पथ बाई, मी नाही बघितलं," त्यातली शिंप्याची मुलगी रडत म्हणाली.

"वर शपथा घेतेस?"

दोघींना शून्य देऊन मी पालकांना बोलावलं. शिंप्याने मान खाली घालून सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीला शाळेऐवजी मशीनवर बसवलं.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना शिकवण्यासाठी धडे काढून ठेवलेली माझी त्या वर्षीची टाचणवही सापडली. शंकूच्या पानावर माझ्याच अक्षरात सरळ उंची घेतलेली होती, आणि फळ्यावर मी नेहमी वहीतलंच उतरवत असे. आता कुठेही शिलाई मशीनची टकटक ऐकू आली की माझे पाय जागीच थबकतात.



बाकीच्या सगळ्या जणी बाहेर शिकवणीला जायच्या. माझं मन लावून ऐकणाऱ्या त्या दोघीच होत्या.