बारा चांदण्यांचा कागद

एके दिवशी दारावर बंदीचा कागद चिकटला आणि देओलिंदाबाईंच्या सॉसेजला धुरी द्यायच्या खोलीला कुलूप लागलं. बाईचं पोट त्यावरच. दोन वर्षं बाई 'कधी उघडणार' म्हणून विचारतायत, आणि आमचे सरपंच आदेरितू म्हणतायत, "बाई, ब्रुसेल्सचा, युरोपियन युनियनचा हुकूम! माझ्या हातात काय?" ब्रुसेल्समध्ये नेमकं कोण बसतं, ते अख्ख्या पोर्तुगालला ठाऊक नाही.

शेवटी मीच घरी एक कागद छापला. बंदीच्या कागदावर होत्या तशाच, युनियनच्या झेंड्याच्या, निळ्यावर बारा पिवळ्या चांदण्या, खाली गिचमीड सही: 'खोली ताबडतोब उघडावी.' सरपंचांनी स्वतः धावत जाऊन कुलूप काढलं.

काल देओलिंदाबाईंच्या अंगणात सॉसेज खाता खाता मी कबूल केलं, "सरपंच, तो कागद माझा होता बरं का!"

 

सरपंचांचा घास हातातच राहिला. "अरे देवा... मग पहिला कुणाचा होता रे?"