गुढीखालची रांगोळी

संशय सोपा असतो. निर्दोषाचा मान राखण्यास धीर लागतो. पाडव्याच्या सकाळी महानगरातल्या गोपीनाथांच्या अंगणात गुढी आडवी पडली होती. तिच्यावरचा चांदीचा गडू नाहीसा झाला होता. “अहो, इथे कमलाच होती,” त्यांच्या पत्नी वसुधाबाई म्हणाल्या. मोलकरीण कमला रडू लागली, “साहब, हमने छुआ तक नहीं!” वसुधाबाईंनी विस्कटलेली रांगोळी झाडण्यास केरसुणी उचलली. “थांब! आधी पाहू, मग झाडू,” म्हणत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आयुष्य वेचलेले गोपीनाथ भिंग घेऊन ओणवे झाले. रांगोळीत इवलासा पंजा उमटला होता. शेजारी साखरेच्या गाठीचे तुकडे. त्यांनी गच्चीकडे पाहिले. तेथे वानर गाठी चघळत गडूत डोकावत होते. “अब बजरंगबली को थाने ले जाइए!” कमला डोळे पुसत हसली. वसुधाबाईंनी पहिली पुरणपोळी तिच्याच हाती ठेवली. दोघींची मने सदैव अशीच निर्मळ राहोत.