हिरव्या माणसाची बायको

हिरवा माणूस आत्ताच मेला होता आणि आता तोच यानात बसून चहा पीत होता. जोतीराम उजवीकडं कलला. विचारायला त्यानं तोंडही उघडलं. उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

तो पुन्हा सरळ बसला. कानातलं नवं मशीन त्यानं बोटानं चाचपलं. मशीन चालू होतं. पडद्यावरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. एक शास्त्रज्ञ उलटं फिरणारं घड्याळ घेऊन आभाळात हिंडत होता, एक कोंबडी यान चालवत होती, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी घसरून पडत होतं. हसायचं तिथं कुणी हसत नव्हतं. थिएटरात माणसं जेमतेम पंधरा, त्यातली निम्मी मोबाइलमध्ये.

जोतीरामला मात्र सगळं समजून घ्यायलाच हवं होतं. हौसा जाऊन पाच महिने झाले होते. मुलगी वर्षाराणी त्याला मुरगूडला न्यायचं म्हणून हटून बसली होती. तिथं जावई चांगला, खोलीही चांगली. पण तिथं हौसा फक्त फोटोत असणार होती. इथं कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत तिनं जिथं ठेवला तिथंच अजून चहाचा डबा होता. शेवटी वर्षाराणीनं अट घातली. त्याच्या कानाला मशीन बसवून दिलं आणि म्हणाली, एक पिक्चर एकट्यानं बघा आणि मला त्याची गोष्ट सांगा. सांगता आली तर राहा तिथं एकटे. नाहीतर रविवारी आम्ही गाडी घेऊन येणार. पिक्चरही तिनंच ठरवला.

तीस वर्षं फौंड्रीत ग्राइंडरवर काढल्यावर जोतीरामचा डावा कान पार गेला होता. उजव्यात जवळ येऊन बोललेलं तेवढं कळायचं. दोघं पिक्चरला गेली की हौसा त्याच्या उजव्या बाजूला बसायची आणि कानाला तोंड लावून अख्खा पिक्चर सांगायची. पुढचे लोक मागं वळून बघायचे. ती म्हणायची, बघू देत, आमीबी तिकीट काढलंय. तिच्या तोंडून ऐकलेला एकही पिक्चर त्याला वाईट वाटला नाही. फौंड्रीतले एखाद्या पिक्चरला भंगार म्हणाले की हा त्यांना गोष्ट सांगायचा. ते म्हणायचे, जोत्या, ह्यातलं कायबी त्यात नव्हतं. हा म्हणायचा, झोपला असशीला. कानाच्या मशीनचा विषय मात्र हौसा वाढू द्यायची नाही. "कशाला? मी हाय की," एवढंच म्हणायची.

मध्यंतरात त्यानं समोसा खाणाऱ्या एका माणसाला गाठलं.

"पावणं, त्यो हिरवा जिता कसा झाला?"

"मला काय इचारताय? मी एसीत बसायला आलोय."

जोतीरामला वाटलं, याचं लक्षच नसणार. पुढच्या भागात त्यानं पापणी हलवली नाही. घड्याळ फुटलं. पृथ्वी नाहीशी झाली आणि परत आली. शास्त्रज्ञ स्वतःलाच भेटला आणि स्वतःवरच रागावून निघून गेला. कोंबडी रडली. दिवे लागले.

सगळं ऐकू आलं होतं आणि काही म्हणजे काही कळलं नव्हतं. हौसाला हे असलं सगळं बसल्या जागी कसं कळायचं, याचं त्याला नवल वाटलं. तिच्यावाचून आपल्याला साधा पिक्चर कळत नाही. वर्षाराणीचंच बरोबर होतं.

बाहेर येऊन तो पार्किंगच्या कठड्यावर बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय आबा, कळला पिक्चर?" वर्षाराणीनं विचारलं.

नाही म्हटलं की रविवारी गाडी. तो म्हणाला, कळला की. आणि बोलत सुटला. हिरवी माणसं दोन होती, जुळे भाऊ. एक मेला, तो चहा पिणारा दुसरा. त्या दुसऱ्याची बायको आभाळात हरवली होती. शास्त्रज्ञाला त्याची दया आली, म्हणून त्यानं ते घड्याळ केलं. कोंबडी बायकोनं पाळलेली, म्हणून तिला वाट ठाऊक होती. बोलता बोलता जोतीरामला स्वतःलाच ते पटायला लागलं.

"मग बायको गावली काय?"

"गावली. म्हणून तर कोंबडी रडली."

मशीन बंद पडलं की काय म्हणून त्यानं ते दाबून बघितलं.

"आबा, त्यात बायकोच न्हाय," वर्षाराणी म्हणाली. "आमी गेल्या आठवड्यात बघितलाय. आमालाबी काय कळला न्हाय. म्हणून तर तुमाला त्योच बघायला लावला. कळला न्हाय म्हणशीला आन् गुमान यायला तयार हुशीला, आसं वाटलं."

खोटं पकडलं गेलं होतं. मुरगूडला काय काय न्यायचं, हे जोतीरामच्या मनात सुरू झालं. चहाचा डबा न्यायचा होता. पण तो तिथं कुणाच्या तरी वेगळ्याच फळीवर बसणार होता.

"ऱ्हावा तिथंच. रविवारी न्हाय येत आमी." वर्षाराणी म्हणाली. "पिक्चरवरनं आली की आई मला सैपाकघरात ओढायची. म्हणायची, मला काय कळलं न्हाय बाई, तुझ्या आबास्नी मनाचंच सांगिटलं. दर खेपंला. तिला एकाच गोष्टीचं भ्या वाटायचं."

"कशाचं?"

"कोणतरी तुमच्या कानाला मशीन बसवंल ह्येचं."