बिरोबाला विचारू

लहानपणी अंगद बिरोबापुढं कपाळ लाल होईस्तोवर डोकं टेकवायचा, ते भागूआत्याच्या अजून डोळ्यांपुढं होतं. आता तो पुण्यात डार्क मॅटरवर संशोधन करत होता आणि जामखेडकडं गावी आला, तरी चपला न काढता देवळाबाहेरच थांबायचा. आपले डोळे मिटायच्या आत त्यानं एकदा तरी देवाला हात जोडावेत, एवढीच तिची आस होती.

"दिसत न्हाई, हाताला लागत न्हाई, पन समद्या चांदन्यांना वढून धरतंय म्हनतोस," आत्या म्हणाली. "आरं, मग त्यो आमचा बिरोबाच की!"

"काहीतरीच काय, आत्या! देवाचा काय संबंध?"

"बरं, त्यालाच इचारू."

देवळात गुरवानं कौल लावला: अंगदचं ते डार्क मॅटर म्हणजे बिरोबाच का? देवाच्या अंगावरचं उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. जमलेले गावकरी मूर्तीजवळ सरकले. न राहवून अंगदही चपला काढून आत आला. तेवढ्यात डावं फूल पडलं.

"बघ!" अंगदनं टाळीच वाजवली. "खुद्द बिरोबाच नाही म्हणाला! आता तरी पटलं?"



"मला पटलं रं," आत्या पदराआड हसली, "पन त्याचं म्हननं तुलाबी पटलंय न्हवं? मग पड त्याच्या पाया."