चौकशी अधिकाऱ्याने वर पाहू नये

‘सत्य शोधून काढणे हेच चौकशी अधिकाऱ्याचे परमकर्तव्य’ अशी पाटी विंग कमांडर आजरेकरांच्या खोलीत लावलेली होती. ती खिडकीवर लावलेली होती, खिडकीतून काही दिसू नये म्हणून.

उडत्या अनोळखी वस्तूंची चौकशी करण्यात त्यांची अकरा वर्षं गेली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी एकदाही आकाशाकडे पाहिलं नव्हतं. नियमच तसा होता. वस्तू ज्याला दिसली तो साक्षीदार, आणि साक्षीदाराला चौकशी करता येत नाही. त्यांच्या आधीचे राजाध्यक्ष एकदा चहा घेऊन अंगणात गेले, चुकून वर पाहिलं, आणि अजून त्यांची मानसिक तपासणी चालू आहे.

समोर फ्लाइट लेफ्टनंट मृणाल सरनोबत बसली होती. वस्तू दिसल्याचं तिने इमानदारीत कळवलं, म्हणून तिचं विमान काढून घेतलं होतं. पुरावा मिळाला नाही तर ते तिला पुन्हा कधीच मिळणार नव्हतं.

“सर,” त्यांच्या पाठीमागच्या उघड्या दारातून बाहेर बघत ती म्हणाली, “आत्ता ती आपल्या छपराकडेच येतेय. नुसती मान वळवा.”

“अगं, मान वळवली की मीही तुझ्या शेजारी बसणार. मग तुझी बाजू लिहिणार कोण?”

“आता तरी कोण लिहितंय, सर?”

आजरेकरांची मान जराशी हलली आणि तिथेच थांबली. एवढ्यात कागदावर गडद सावली पसरली. अक्षर दिसेना, म्हणून त्यांनी टेबलावरचा दिवा लावला आणि शेवटचा रकाना भरला.

‘वेळ सकाळी साडेअकरा. आकाश निरभ्र. पुरावा नाही.’